मोमोसे-सानच्या गाडीचे दागिने

कुरोमात्सु बंदरात शरद ऋतूत देवळाच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. मालक आपापल्या गाड्या उलट्या घेत रांगेत लावतात, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, आणि मग दिवसभर एकमेकांच्या गाड्यांभोवती हात मागे बांधून फिरतात. त्या रांगेच्या टोकाला, जिंको झाडाखाली, मोमोसे कीइची यांची दुधी रंगाची गाडी असे. टोकाला अशासाठी, की मध्ये लावली तर शेजारच्या गाडीचं दार उघडेना, इतकं काहीबाही तिच्या अंगावर होतं.

"मोमोसे-सान, आत गाडी आहे ना हो?" निवृत्त दंतवैद्य हायामी दरवर्षी विचारत. "की नुसतेच दागिने चालत आले?"

लोक हसत. मोमोसे-सान वाकून नमस्कार करत आणि तेही थोडं हसत. हायामींची गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी होती. त्यांना बोलायचा अधिकार होता.

आणि बोलण्यात खोटं काय होतं? पुढच्या काचेवर बाहेरून पत्र्याची झापड. दिव्यांवर चकचकीत पापण्या. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर टोकाला हिरवा दिवा असलेली दांडी. चाकांशी फुटपाथ चाचपणाऱ्या तारेच्या मिशा. मूळचे दोन आरसे होतेच, त्यांच्या जोडीला आणखी दोन. आत आसनांवर पांढऱ्या लेसच्या ओढण्या, पुढे गोळ्यात तरंगणारं होकायंत्र, एक बोटभर पंखा, तापमापक, कागदी रुमालांच्या डब्याला झालरीचं आवरण, आणि गियरच्या दांड्यावर पारदर्शक मूठ, तिच्यात कायमचं उमललेलं एक लाल फूल. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाक कुठे आहे तेच शोधावं लागे.

यातली एकही वस्तू मोमोसे-सानना आवडत नव्हती. हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोमोसे-सान नगरपालिकेच्या पाणी खात्यात मीटर वाचत. आयुष्यभर लोकांच्या दारात गेले, पण दाराच्या आत गेले नाहीत. बोलणं असं ते एवढंच: "मीटर बघतो," आणि "झालं." घरी बोलायचं काम फुसाए-सानकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे होतं. मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर वर्षभराने ही गाडी जुनीच घेतली, तेव्हा फुसाए-सानने देवळातून आणलेला ताईत आरशाला बांधला आणि बजावलं, "बस. याउपर हिला काही घालायचं नाही. गाडी आहे, नवरी नाही."

गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. पण गॅरेज अरुंद, उजवीकडे लाकडी खांब, आणि गाडी उलटीच आत घालायची. त्यामुळे घरी पोचलं की फुसाए-सान आधी उतरत, मागे जाऊन उभ्या राहत आणि हाक देत, "ओराय, ओराय, ओराय... बास!" पाऊस असो, बर्फ असो. ओराय म्हणजे येऊ द्या, येऊ द्या. शेजारपाजारची पोरं त्यांची नक्कल करत. मोमोसे-सान आरशात बघतच नसत. आवाजावर गाडी आत जाई.

फुसाए-सान गेल्या, आणि काही दिवसांतच मोमोसे-साननी तो खांब ठोकला. दिवा फुटला. गाडी घेऊन ते बंदराच्या रस्त्यावर ओसादा यांच्या दुकानात गेले.

ओसादांचं दुकान म्हणजे गाड्यांच्या साजशृंगाराचं. एके काळी मासळीच्या ट्रकवाल्यांची आणि तरुण पोरांची तिथे झुंबड असे. आता छताला टांगलेल्या हॉर्नवर धूळ होती आणि ओसादांचा डावा कान, ते हॉर्न तपासून तपासून, कामातून गेला होता. गावात सगळे त्यांना तायशो म्हणत, म्हणजे मालक. उंचीने ठेंगणे, आवाजाने दांडगे.

"या, या! उलटी घ्या आत!" असं ओरडत तायशो गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवायला लागले. "ओराय, ओराय, ओराय... बास!"

मोमोसे-साननी गाडी थांबवली. उतरायला मात्र त्यांना जरा वेळ लागला.

तायशोंनी दिवा बदलला आणि मागच्या काचेवर एक फुगीर आरसा बसवला. गाडीच्या बुडाशी काय आहे ते त्यात दिसे. "आता खांबाची काळजी नको. बसा, चहा घ्या," ते म्हणाले. स्टोव्हवर किटली होती. दोघांनी चहा घेतला, या वर्षी खेकडे किती उशिरा आले यावर बोलणं झालं. तायशो बोलले, मोमोसे-साननी ऐकलं. घरी रात्री जेवून उठताना त्यांच्या लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांनी आज आपलं पान रिकामं झालं.

पुढच्या आठवड्यात ते पिशवीभर संत्री घेऊन गेले. आभार मानायला.

"अहो, कशाला, कशाला!" तायशोंनी संत्री दोन्ही हातांनी घेतली. मग हात पुसत विचारलं, "बरं, आज काय हवंय?"

आमच्याकडे दुकानात नुसतं बसायला जात नाहीत. दुसऱ्याच्या कामाच्या वेळात बिनकामाचं जाणं म्हणजे त्याच्या मानगुटीवर बसणं; ते शाळकरी मुलालाही कळतं. मोमोसे-सान दारात उभे. समोर काउंटरवर जे होतं त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"होकायंत्र! वा!" तायशो खुलले. "गावात हरवायची भीती वाटते वाटतं? उलटी घ्या आत!"

ओराय, ओराय. चहा. खेकडे. घर.

असं ते सुरू झालं. होकायंत्रानंतर पंखा, पंख्यानंतर पापण्या. तायशोंनी "काय हवंय?" विचारायचं, मोमोसे-साननी काहीतरी दाखवायचं, मग "बसा". दुकानातलं संपलं तेव्हा तायशो बाहेरून मागवू लागले. ते फुलाच्या मुठीचं तर मोठंच प्रकरण झालं. "मिळाली! तुमच्यासाठी मिळवली!" तायशोंनी डबी अशी पुढे धरली, जणू आतून काजवा उडून जाईल. मोमोसे-साननी वाकून वाकून आभार मानले. फुसाए असती तर म्हणाली असती, हे काय, गाडीला कुंडी लावलीत? त्या रात्री गॅरेजात गाडी लावताना त्यांनी ती मूठ हाताने झाकून ठेवली होती.

या वर्षीचा मेळा उरकला, आणि नंतरच्या आठवड्यात ते दुकानाशी आले तर शटरच्या कडेला कागद चिकटवलेला. वर्षअखेर दुकान बंद होत आहे, इतकी वर्षं लोभ ठेवलात, आभारी आहोत. मोमोसे-साननी तो गाडीत बसूनच वाचला. मग परत वाचला.

एक वस्तू आणखी, ते मनाशी म्हणाले. निदान एक. गाडीतून उतरून त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. पण जागाच उरली नव्हती. छत होतं तेवढं, पण छताला काय लावणार?

"काय हवंय?" आतून आवाज आला.

"काहीतरी," मोमोसे-सान म्हणाले.

"काहीतरी म्हणजे?"

"काहीही चालेल."

तायशो बाहेर आले. त्यांनीही गाडीभोवती एक फेरी मारली, मान खाजवली. "मोमोसे-सान, आता हिला काही लावायचं तर आधी दुसरी गाडी घ्यावी लागेल." मग जरा घुटमळून म्हणाले, "एक विचारू? रागावू नका हं. दुकान बंदच होतंय, म्हणून विचारतो. हे एवढं सगळं तुम्हाला खरंच आवडतं?"

मोमोसे-सान त्या हिरव्या दिव्याच्या दांडीकडे बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले.

"काय? या कानाने ऐकू येत नाही, इकडे या."

"नाही आवडत! तुमचा धंदा... गिऱ्हाईक दिसत नाही कुणी, म्हणून..." खरं कारण ओठांवर आलं आणि परत गेलं.

तायशोंनी आ वासला. "अहो देवा! माझा धंदा? धंदा तर केव्हाच बुडालाय. मुलगी ओकायामाहून कधीची मागे लागलीय, बाबा, आवरा आणि या. मी म्हणायचो, थांब गं, एक गिऱ्हाईक आहे, त्याला फार हौस आहे, मी गेलो तर बिचारा कुठे जाईल? त्या फुलाच्या मुठीसाठी क्यूशूला एका बाईंना किती फोन केले मी! नवऱ्याची आठवण म्हणून द्यायला तयार नव्हत्या. आणि सांगू? तुमची ही सुंदर गाडी मी माझ्या हाताने विद्रूप करतोय, या विचाराने मला झोप येत नसे!"

आधी तायशो हसले. मग मोमोसे-सान. असं हसू त्यांना बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. ते कसं थांबवायचं तेही आठवेना. ते आपसूक थांबलं, तेव्हा दुकानातून फक्त किटलीचा आवाज येत राहिला.

तेव्हाच सांगायचं होतं. मी चहासाठी येतो, तुमच्या आवाजासाठी येतो, एवढंच. पण मोमोसे-सान म्हणाले ते असं, "मग हे सगळं काढायला किती वेळ लागेल?"

तायशोंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काढायला? लावण्यापेक्षा जास्तच. सगळे स्क्रू गंजलेत. एका वेळी एकच वस्तू निघेल. जास्त नाही."

तो सगळा डिसेंबर मोमोसे-सान दुकानात जात राहिले. एके दिवशी पापण्या निघाल्या, एके दिवशी मिशा. खरं म्हणजे मिशा अर्ध्या चहातच निघाल्या असत्या. स्क्रूला तेल घालायचं, ते मुरेपर्यंत बसायचं. पत्र्याला पडलेल्या भोकांत तायशो रबराची बुचं बसवत आणि पुटपुटत, "माफ कर गं बाई, माफ कर." ती माफी गाडीला होती. दाराशी येताच "काय हवंय?" असं त्यांनी त्या महिन्यात एकदाही विचारलं नाही. दोघांनाही काय निघायचं ते ठाऊक होतं, म्हणून मोमोसे-सानना काही बोलावंच लागलं नाही. आणि तिथेच सांगायचं ते राहून गेलं.

शेवटी मागच्या काचेवरचा फुगीर आरसा उरला. "हा राहू द्या," तायशो म्हणाले. "हा एकच कामाचा."

वर्षअखेरीला मुलगी चिगुसा छोटा ट्रक घेऊन आली. तायशो तिच्या शेजारी बसले, काच खाली केली आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "खांब सांभाळा!" मोमोसे-सान ट्रक वळेपर्यंत कमरेत वाकून उभे राहिले.

नव्या वर्षात बर्फ पडलं. गाडी आता अगदी साधी दिसत होती. हायामींनी पाहिली असती तर त्यांना टोमणा मारायला काही सापडलं नसतं. मोमोसे-सान बाजारातून येत, गॅरेजसमोर थांबत, फुगीर आरशात बघत. खांब दिसे, भिंत दिसे, त्यांच्यामधली मोकळी जागा दिसे. आरसा चोख होता. गाडी कुठेही न घासता आत जाई. घरात पाय ठेवला की त्यांना आठवे, सकाळपासून आपण बाजारात फक्त "पिशवी नको" एवढंच बोललो.

घरातल्या बोळकांडीत भिंतीवर फोन होता. शेजारी फुसाए-सानच्या वेळेपासूनचा खिळा, त्याला तायशोंनी दिलेली चिठ्ठी अडकवलेली, ओकायामाचा नंबर. मोमोसे-साननी आधी कारण शोधलं. एखादं बूच निसटलं असेल का? गाडीला एक चक्कर मारली. सगळी बुचं घट्ट होती. ओसादा कधी कच्चं काम करत नसत.

तरी त्यांनी नंबर फिरवला. आधी चिगुसाचा आवाज, मग पावलं, मग खोकला.

"मोमोसे-सान! काय झालं? काय हवंय?"

मोमोसे-साननी उघड्या दारातून गाडीकडे पाहिलं. बोट दाखवायला आता तिच्यावर काहीच नव्हतं.

"काही नाही," ते म्हणाले. "सहज."

"काय? चुकीच्या कानाला लावला वाटतं मी. थांबा. हं, बोला! काय हवंय?"

"काही नको!" रिकाम्या घरात आपला आवाज इतका मोठा येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. "सहज केला! सहज!"

तिकडे लांब कुठेतरी चिगुसा ताटं मांडत होती.

"बरं," तायशो म्हणाले. "मग बसा."

आणि मोमोसे-सान त्या गार बोळकांडीत, फोन कानाला धरून, लाकडी पायरीवर बसले.