खारेपाटणची मागणी आणि ठशाचं यंत्र

बांद्याच्या बाजारात इक्बालभाईंचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांची मुलगी अरिबा पुण्यात काय करते असं कुणी विचारलं की ते सांगत, "लोकांची कुलपां फोडता आणि पगार घेता."

ते फारसं खोटं नव्हतं. अरिबा तपासणी प्रयोगशाळेत होती. कंपन्या आपले कॅमेरे, हजेरीची यंत्रं तिथे पाठवत आणि ही मंडळी चोरासारखी त्यांत शिरायचा प्रयत्न करत. यंत्र टिकलं तर प्रमाणपत्र मिळे. प्रयोगशाळा कुठल्याच कंपनीची नव्हती, म्हणून त्या कागदाला मान होता.

गेल्या वर्षी खारेपाटणहून अरिबाला लग्नाची मागणी आली. फैसल नावाचा मुलगा, पुण्यातच इंजिनिअर. सुट्टीत घरी आलेल्या अरिबाने फोटो नुसता बघून ठेवला, पण त्याच्या कंपनीचं नाव ऐकताच ताठ बसली. बोटाच्या ठशावर दार उघडणारं त्यांचं यंत्र प्रयोगशाळेत तिच्याच टेबलावर तपासणीला होतं.

"आधी ऑफिसात सांगूक व्हया," ती म्हणाली.

"पाव्हण्यांका अजून चाय दिलेली नाय आणि तू ऑफिसात सांगतलस?" बदरुन्निसा, तिची आई, कपाळावर हात मारत म्हणाली.

अरिबाने सांगितलंच. तिच्या साहेबांनी यंत्र रसिका या सहकारिणीकडे दिलं आणि अरिबाला त्या कामापासून लांब ठेवलं. पुढे रसिकाने डिंकाचं खोटं बोट करून दार उघडलं. प्रमाणपत्र नाकारलं गेलं.

फैसलच्या आईचा फोन आला. "घरात येणारी मुलगी, जरा सांभाळून घ्यायला नको?" बदरुन्निसाने सोयरीक मोडली असंच धरलं.

पण ईदला फैसल स्वतःच बांद्याला आला. पडवीत बसून त्याने अरिबाला विचारलं, "यंत्र नापास होतला ता तुका म्हायत होता?"

"नाय. आणि म्हायत असला तरी मी सांगूचंय नाय."

तो हसला. "ह्यो दोष मी आमच्या कंपनीतल्या साहेबांका कधीपासून सांगी होतंय. माजा कोण ऐकी नव्हतो. आता अहवाल इलो, तेवा ऐकूचा लागला."

अरिबाला त्या क्षणी तो आवडला. तिने आईला आत जाऊन तसं सांगितलं, आणि बदरुन्निसाने शिरखुर्म्याची दुसरी वाटी भरली.

निकाह थंडीत झाला. सुधारलेलं यंत्र त्यानंतर पास झालं. ही बातमी अरिबाला नवऱ्याकडूनच कळली. ती तेव्हा दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या कॅमेऱ्यात शिरायच्या खटपटीत होती.