राह्यले म्हंजे आयएनजी

आमचे शेजारी देवीदास सर बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मोर्शीत त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि ती फार पोटात ठेवणारी नाही. त्यामुळे सेमी इंग्रजीचा हुकूम आल्याचं मला पेपरच्या आधी त्यांच्या स्वयंपाकघरातून कळलं.

"सुभद्रा, टी इज कमिंग?"

"येऊन राह्यला. तुमी उठून दूध आना, म्हंजे लवकर कमिंग."

पण प्रकरण गंभीर होतं. आधी अमरावतीला दहा दिवस इंग्रजीचं प्रशिक्षण, मग आपल्याच वर्गावर परीक्षेचा पाठ. त्यात नापास झाले की चौथीचा वर्ग हातचा गेला. सर अतिरिक्त ठरणार आणि साहेब बोट ठेवतील त्या गावी जाणार. आता हा माणूस स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस दरवर्षी विसरतो, पण कोणत्या पोराला बी आणि डी उलटे दिसतात ते झोपेत सांगेल. वर्ग गेला तर त्यांचं काय उरणार?

शिकवायला पुण्याच्या कुठल्याशा कंपनीच्या मॅडम होत्या. वर्गात मराठीचा एकही शब्द नको, असं त्यांनी शिक्षकांना बजावलं. मराठीतच. आत्तापासून सवय लागली की पुढे नोकरीच्या मुलाखतीत पोरं अडत नाहीत म्हणे. मी सरांना म्हटलं, "तुमच्या वर्गातल्या आरतीचे दोन दुधाचे दात पडायचे हायेत अजून. ते पडू द्या, मंग लावा नोकरीले."

पाठाच्या दिवशी शाळा समितीचा सदस्य म्हणून मी मागच्या बाकावर होतो, शेजारी परीक्षक म्हणून त्याच मॅडम. सरांनी संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली.

"व्हॉट ॲम आय डुइंग?"

पोरं नुसती संत्र्याकडे पाहत होती. दुसरी फोड. तिसरी. अख्खं संत्रं संपत आलं, पण चालू वर्तमानकाळ काही चालू होईना. मॅडमचा पेन मात्र चालू होता.

शेवटची फोड गेली तशी आरतीला राहवेना. "सर, तुमी एकलेच खाऊन राह्यले!"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मग वर्गाकडे. मी मनात म्हटलं, गप बसा सर, गप बसा. पण मास्तर कसले गप बसतात!

"शाब्बास, पोरी! राह्यले म्हंजे आयएनजी! खाऊन राह्यले, ईटिंग!"

झालं! धरणाचं दार उघडल्यासारखी पोरं सुटली. "सर, यू आर ईटिंग!" "आय ॲम लुकिंग!" "मॅडम इज रायटिंग!" एका कारट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, "काका इज स्लीपिंग!" हे वाक्य फक्त व्याकरणापुरतं बरोबर होतं.

मॅडम खरंच लिहीत होत्या. मराठी शब्द सहा. नापास.

संध्याकाळी सर ओट्यावर बसले होते. "बावीस वर्सं शिकवलं, अन् सहा शब्दानं मेलो."

"पाच असते तर वाचले असते का?"

"तुमाले मस्करी सुचून राह्यली, भाऊ."

आठवड्याने आदेश आला. साऱ्या तालुक्यात एकटे खुशालराव मास्तर पास झाले होते. त्यांच्या पाठात ते मराठीचा एक शब्द बोलले नाहीत, आणि पोरं कुठल्याच भाषेत बोलली नाहीत. इतका लायक माणूस वर्गात कशाला वाया घालवायचा, म्हणून त्यांना प्रशिक्षक करून अकोल्याला पाठवलं. त्यांच्या पोरांना सध्या सुट्टीच आहे. आता तालुक्यात पात्र शिक्षक उरला नाही. सबब देवीदास सरांनी अपात्र म्हणून, पात्र होईपर्यंत, चौथीचा वर्ग सांभाळावा. फेरपरीक्षा पुढच्या वर्षी.

सरांनी कागद तीनदा वाचला.

"मंग पुढच्या साली तरी नीट अभ्यास करसान ना?" वहिनींनी आतून विचारलं.

"काहून?" सर म्हणाले. "पास होऊन मले का अकोल्याले जायचं हाय?"