बावीस फिटरांची यादी

विमानतळावर बावीस माणसं यायची होती, आली सात. आमचे बाबाही आले, पण रिकाम्या हातांनी, मला पोचवायला. यादीत पहिलं नाव त्यांचं होतं आणि ती यादी मी केली होती.

लालबागला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मस्कतला निघालो त्या दिवसाची ही हकिकत.

मी परळच्या एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होतो. बाहेरदेशी काम घ्यायचं की नाही, हे ठरवायला साहेबांचा एक छापील तक्ता होता. पैसे देणारी पार्टी कशी आहे, तिथले कायदे काय, सिमेंट-सळई कुठून येणार, वगैरे. त्यात थोडं इकडेतिकडे ते चालवून घेत. शेवटच्या रकान्यावर मात्र अडून बसत. काम करायला आपली माणसं आहेत का? नसतील तर टेंडर भरायचंच नाही. मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना उभारायचा होता. त्याला बॉयलर जाणणारे फिटर हवे होते. मुंबईतली कामं आटली होती; हे हुकलं तर माझ्यासकट निम्मा स्टाफ घरी बसणार होता.

फिटरांना काय तोटा! गिरण्यांचा संप दुसऱ्या वर्षात गेला होता आणि आमच्या चाळीच्या गॅलरीत बॉयलर खात्याची अख्खी पाळी, बाबांसकट, पत्ते कुटत बसायची. बाबा म्हणाले, "लिही माझं नाव." मग बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी रकाना भरला. काम आम्हाला मिळालं.

गिरणगावात वाढलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. बाबा रोज सकाळी दाढी करून गेटवरची नोटीस वाचून यायचे. गिरणी उघडली आणि आपण हजेरीला नसलो तर नाव कापतील, ही धास्ती त्या गॅलरीत प्रत्येकाला होती. मी त्यांना रिकामे समजलो.

उरलेली पंधरा माणसं कंपनीने केरळातून आणली. साहेबांनी मला झाडलं, पण काम पुरं झालं. मी मस्कतला राहिलो, पुढे दुबईला. आता बांगडा सुपरमार्केटच्या फ्रीजरमधून आणतो आणि त्याची सवयही झाली. बाबांवरचा राग मात्र बरीच वर्षं टिकला. पत्रं लिहायचो ती खुशालीपुरती.

गिरणी काही उघडली नाही. एका सुट्टीत न राहवून विचारलं, "यायचं नव्हतं, तर नाव कशाला दिलंत?"

बाबा बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "मी नाय म्हटलं असतं तर बाकीच्यांनी तरी दिलं असतं काय रे? मग तुझ्या साहेबाने टेंडर भरलं नसतं. तू पण इथंच बसला असतास, आमच्यात पत्ते खेळत."

मी माझा कप उचलला. चहा तेवढा प्यायलो.

आज बाबा नाहीत, चाळीच्या जागी टॉवर आहे. घर कुठे, असं कुणी विचारलं की मी दुबईचा पत्ता देतो. आणि देताना दर वेळी, मला त्या चाळीतून बाहेर काढण्यासाठी आपलं नाव खोटं लिहायला लावणारे बाबा आठवतात.