डिंकाच्या लाडवांचा डबा

मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या बोटीत समोर बसलेला तो माणूस माझ्या पिशवीवरची नजर हलवत नव्हता. कडक इस्त्रीचा सदरा, आणि बोटं सारखी गुडघ्यावर वाजत. पिशवीत अबुधाबीला बाळंत झालेल्या लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू आणि माझ्या बीपीच्या गोळ्या होत्या; शेजारच्या बाईला मी हे सांगत होते ते त्यानं ऐकलं असावं. मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"लाडवांत खसखस हाय काय, ताई?"

"तुम्हाला कशाला पंचाईत?"

"तिकडं खसखस अफूच्या झाडाची म्हणून धरतात. गोळ्यांसाठी तरी डॉक्टरची चिठ्ठी घेतलीत ना?"

घेतली होती, पण मी सांगितलं नाही.

तो पाण्याकडं बघत म्हणाला, "माझी बायको असेच लाडू घेऊन गेलेली. नातीचं तोंड बघायच्या आधी तिनं कोठडी बघितली."

लाडवांत खसखस होतीच; मुंबईला उतरल्यावर मी डबा त्याच्या हातात कोंबला. त्यानं तिथंच झाकण उघडून लाडू खायला घेतला. फसवलंन मेल्यानं, मला वाटलं.

विमानात बसल्यावर मात्र वाटायला लागलं, खोटंच बोललेला असू दे. लाडू गेले तर गेले, पण ती बाई कोठडीत बसलेली नसू दे.