वाटीतली खळ

स्वातंत्र्याच्या आधी सांगलीत आमच्या पिठाच्या गिरणीशेजारी एक बाइंडर बसायचा. वेदपाठशाळा, मदरसा आणि पाद्री तयार करणारी मिशनची शाळा, तिन्हींची पुस्तकं तोच बांधायचा. उर्दू किताब उजवीकडून उघडते, हे तो कधी चुकला नाही. चिकटवायच्या खळीचं पीठ आमच्याकडून न्यायचा.

एकदा पाठशाळेचे गुरुजी तावातावाने आले. "या खळीत जनावराचा सरस आहे. तुझं काम बंद!"

त्याने वाटीतली खळ बोटाने चाटली. "गव्हाची हाय, गुरुजी. गहू तुमास्नी चालतो, मौलवींना चालतो, पाद्रीबाबालाबी चालतो."

गुरुजी आणखी दोन पुस्तकं ठेवून गेले.

त्यांची पाठ वळताच तो थुंकत माझ्याकडे आला. "आवं बाई, पाणी द्या! पुस्तकास्नी कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलाय त्यात."

विष चाटणं मूर्खपणाच होता. पण पीठ माझंच होतं, माणूस खरं बोलला होता. मी तांब्या दिला.