तरंगणारी गोळी आणि रविवारचा पाठ

रविवारी सकाळी पूजा आटोपली की माझ्या ओसरीवर दोन पाट मांडले जात. एक माझा, दुसरा माझ्या मित्राचा. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला हा गृहस्थ तिथल्याच शेजारच्या गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला. लहानपणी संस्कृत शिकायचे राहून गेले, म्हणून साठीनंतर तो माझ्याकडे येऊ लागला. मी आयुष्यभर कर्जतमध्ये संस्कृत शिकवले. परंतु परीक्षेवाचून, केवळ गोडीने शिकायला आलेला विद्यार्थी मला त्याच्या रूपाने प्रथमच भेटला. एक श्लोक मी म्हणावा, तोच त्याने म्हणावा, मग अन्वय, मग अर्थ, आणि मध्ये आल्याचा चहा. पत्नी निवर्तल्यापासून माझ्या आठवड्याला जो काही आकार उरला होता, तो या एका सकाळीमुळे. ती सकाळ कोणी काढून घेईल, असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

मग जवळच्या शेलू गावातल्या नव्या इमारतींपैकी एका इमारतीत पन्नाशीचे एक गृहस्थ राहायला आले. परदेशी नोकरी करीत असताना त्यांना गळाने मासे धरण्याचा आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देण्याचा नाद लागला होता. स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात त्यांची आणि माझ्या मित्राची ओळख झाली. पुढच्याच रविवारी मित्राचा फोन आला, "गुरुजी, आज जरा तळ्यावर चाललोय. पुढल्या टायमाला नक्की येतो."

मी "अवश्य जा" म्हणालो आणि त्याचा पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

पुढल्या रविवारी तो आला, पण खिशात एक डबी घेऊन. श्लोक सांगायला मी तोंड उघडणार, तोच त्याने डबीतून बोराएवढी गुलाबी गोळी काढून माझ्यापुढे धरली. तिला अननसाचा वास येत होता.

"हिला पॉप-अप म्हणतात गुरुजी. पाण्यात टाकली का वर येते."

मग त्याने मला जे समजावले ते असे. तळ्याच्या तळाशी गाळ असतो. जड आमिष त्यात रुतते आणि रोहू-कटल्याला दिसत नाही. म्हणून स्वभावतः तरंगणारी गोळी घ्यायची आणि गळाच्या किंचित खाली, दोऱ्यावर, शिशाचा बारीक मणी किंवा मेणासारखा जड लगदा लावून तिला तोलायची. वजन कमी पडले तर ती गळासकट वर येते. जास्त झाले तर दगडासारखी जाऊन गाळात शिरते. नेमके साधले तर सावकाश उतरते आणि तळापासून दोन बोटे वर स्थिर राहते.

"आनि गोळी गळात टोचायची नाय. केसाला बांधायची."

"केसाला?" अन्नात केस निघाला तर भरल्या पानावरून उठणाऱ्या घरात मी वाढलो. माझा पाट आपोआप मागे सरकला. "कोणाच्या?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अवो, कोनाच्या नाय! गळाला बारीक दोरा असतो, त्याला केस म्हनतात. नुसतं नाव हाय."

पाणी पिण्यासाठी ठेवलेले फुलपात्र त्याने पुढे ओढले आणि मी काही म्हणण्याच्या आत गोळी, गळ, दोरा सगळे त्यात सोडले. गोळी वर आली. त्याने लगद्याचा कण चिमटीने वाढवला, ती बुडाली. कण काढला; पुन्हा वर. चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून तो त्या पाण्यात पाहत होता.

"ही गोळी कशाची करतात?" मी विचारले.

"अंडं असतं," तो वर न पाहता म्हणाला, "आनि मासळीची भुकटी."

ते फुलपात्र मी नंतर चिंच लावून घासले आणि फडताळात वेगळे ठेवले. परंतु खरे सांगायचे तर माझ्या मनाला विटाळ झाला तो मासळीमुळे नव्हे. इतक्या एकाग्रतेने त्याने माझ्या अन्वयाकडे कधी पाहिले नव्हते. षड्रिपूंमध्ये मत्सर शेवटचा. वर्गात त्याच्यापर्यंत येईतो तास संपत आलेला असे आणि दुसऱ्याचा उत्कर्ष सहन न होणे एवढा अर्थ सांगून मी पुस्तक मिटत असे. तो अर्थ असा उरात टोचत असेल, हे मला ठाऊक नव्हते.

पाठ एका रविवाराआड होऊ लागला, मग महिन्यातून एकदा. शेवटी त्यानेच म्हटले, "तुमीच चला की एकदा. हवा चांगली हाय." मी हवेसाठी जात आहे असे स्वतःला सांगितले आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसलो. चौक गावाच्या रस्त्याने आम्ही खालापूर तालुक्यातल्या एका शेतावरच्या तळ्याशी पोहोचलो.

शेलूचे गृहस्थ आधीच आलेले होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, सावलीत खुर्ची मांडून दिली, "काका, मांसाहारी डबा तिकडे ठेवलाय, तुमची पिशवी इकडे ठेवा" असेही सांगितले. त्यांच्यात दोष काढण्याजोगे काही सापडेना, आणि त्यामुळे माझा त्रास वाढला.

मित्राने काठावरच्या उथळ पाण्यात गोळी तोलून पाहिली. वर आली.

"अजून कणभर," ते म्हणाले.

"आता?"

"आता जास्त झालं. नखाने काढा थोडं. हं, बघा, कशी उतरतेय."

गोळी पिसासारखी खाली गेली आणि गाळाच्या वर थांबली. माझा मित्र आनंदाने ओरडला, "काय गुरू! मानलं तुमाला!"

गुरू! ज्या शब्दाने तो मला हाक मारीत आला, तो शब्द त्याने एका गळवाल्याला देऊन टाकला. मी खुर्ची उलट दिशेला वळवली आणि सोंडाईच्या डोंगराकडे पाहत जप करू लागलो.

थोड्या वेळाने काठी वाकली. बराच वेळ झुंज चालली आणि एक मोठा कटला काठाशी आला. मला गळाची ती हिंसा मान्य नव्हती, आजही नाही. परंतु त्या गृहस्थांनी ओली गादी अंथरली, हात भिजवले, मासा तिच्यावर ठेवला, ओठाच्या जखमेला औषध लावले आणि उत्सवमूर्ती पाण्यात सोडावी तशा जपणुकीने त्याला सोडले. ही श्रद्धा तरी माझ्याकडची असावी, असे मला वाटले. तीही त्यांच्याकडे निघाली. आणि माझा मित्र, गुडघाभर चिखलात, दोन्ही हात वर करून हसत होता. माझ्या ओसरीवर तो असा कधी हसला नव्हता.

परतताना चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "तुझ्या नव्या गुरूंचे अभिनंदन."

त्याला आधी कळेना. मग कळले. "अवो गुरुजी, गुरू तर आमी रिक्षावाल्याला पन म्हनतो! 'चल रं गुरू, ठेसनला सोड.' त्यात काय हाय?"

"मग पाठ का टाळतोस?"

त्याने कप खाली ठेवला. "माझ्या ध्यानात ऱ्हात नाय आता. सकाळी घोकलेलं तुमच्या दारात येईपर्यंत जातं. वर्षभर झालं. मी चुकलो का तुमी रागवत नाय, पुन्हा म्हन म्हनता. पुन्हा चुकलो का पुन्हा. शांतपनी. त्याचीच लाज वाटते मला. एकदा ओरडला असता तर बरं झालं असतं."

"आणि तिथे?"

"तिथं चुकलो तर गोळी बुडते. माशाला काय सांगायला लागत नाय."

मला वाटले होते, माझा संयम हे त्याला दिलेले दान आहे. त्याचा कप पुन्हा त्याच्यापुढे सरकवत मी म्हणालो, "तू म्हणू नकोस. मी म्हणेन, तू नुसता ऐक."

"आनि मी मधीच चुकीचं गुनगुनलो तर? गप बसवंल तुमाला?"

"नाही बसवणार," मी म्हणालो. खोटे बोलणे मला जमले नाही.

तो हसला. "मग बुधवारी येतो. संध्याकाळी. रविवार नको."

तो बुधवारी येतो, ऐकतो, चहा घेऊन जातो. मी ओठ मिटून धरतो आणि निम्म्या वेळा तरी ते उघडतात. रविवार मात्र गेला तो गेला. त्या सकाळी मी पूजा लांबवतो. तरीही रस्त्यावरून एखादी स्कूटर चौकच्या दिशेने गेली की जपमाळेवर कुठवर आलो होतो ते विसरतो आणि मेरुमण्यापासून पुन्हा आरंभ करतो.