फळ्यावर नसलेलं घाटकोपर

पंच्याऐंशी साली विधानसभेची मतमोजणी चालू होती, तेव्हा घाटकोपरला आमच्या चाळीसमोरच्या नाक्यावर एक गृहस्थ फळ्यावर निकाल लिहीत होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात ट्रान्झिस्टर, कानामागे खडू. रेडिओवर बातमी आली की ती जिल्ह्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात उतरवायची आणि बोटांवरची पांढरी भुकटी फुंकून टाकायची.

रकाने तीनच होते: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड.

मी दोन तास रांगेत उभा राहून मत दिलं होतं. जरा चिडूनच विचारलं, "यात घाटकोपर कुठेय?"

"मुंबई सगळ्यात खाली लिहू. जागा उरली तर."

"अहो, पण तुम्ही मत कुठे दिलंत?"

"इथेच की. पण इथे नुसतं राहायचं असतं. निकाल गावचा बघायचा."

भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. मीच परका ठरलो.

संध्याकाळी गुलाल उधळत जीप आली. आमचे नवे आमदार हनुवटीपर्यंत हारांत बुडालेले. फळ्यापाशी त्यांनी जीप थांबवायला लावली. मला बरं वाटलं. आता हे स्वतःचं नाव शोधणार आणि या गृहस्थांची फजिती होणार.

आमदारांनी हारांतून मान वर काढून विचारलं, "आमच्या कणकवलीत कोण निवडान इलो?"

"अजून मोजतत," गृहस्थ म्हणाले. जीप पुढे गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "हे कोण होते हो?"